आप्पा धुरींचं गाऱ्हाणं

आमच्या कांजूरमार्गच्या नव्या इमारतीत परवा दुसरी लिफ्ट सुरू झाली. अध्यक्षांनी रिबीन कापली, पेढे वाटले गेले आणि सगळे त्याच लिफ्टने आपापल्या मजल्यावर निघून गेले. मी खालीच उभी राहिले. काहीतरी राहून गेलंय असं सारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, लिफ्टला गाऱ्हाणंच घातलं नव्हतं.

मी मूळची नगरची. मुलुंडला लग्न होऊन येईपर्यंत मला हा प्रकार ठाऊक नव्हता. कोकणात शुभकार्याला नारळ हातात धरून देवासमोर खड्या आवाजात मागणं मांडतात. प्रत्येक मागणीनंतर जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ असा हुंकार द्यायचा असतो. हे मला शिकवलं आमच्या तिथल्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या आप्पा धुरींनी. शिकवलं म्हणजे दटावलं. पहिल्या वेळी मी नवी नवरी, लाजून गप्प उभी होते. आप्पा गाऱ्हाणं मध्येच थांबवून माझ्याकडे वळले. “व्हय कोण म्हणतलो? माजो बापूस?” तेव्हापासून मी कधी चुकले नाही.

आप्पा दिसायला अगदीच काडी. चौकड्याची लुंगी, अर्ध्या बाह्यांचा गंजीफ्रॉक, आणि गळा मात्र असा, की चौथ्या मजल्यावर कुकरची शिट्टी त्यात बुडून जावी. वडील परळच्या गिरणीत होते. आप्पा मुलुंडच्याच एका छोट्या कारखान्यात टर्नर. लेथच्या खडखडाटात आयुष्य गेलं, त्यामुळे हळू बोलणं ही कला त्यांना अवगतच नव्हती. गुपितसुद्धा ते ओरडून सांगत.

गावात गाऱ्हाणं घालायचा मान देवळाची सेवा करणाऱ्या घाडी-गुरवांचा. तिकडे आप्पांना नारळाला हातही लावू दिला नसता. पण मुंबईत विचारणार कोण? कारखान्यातल्या एका दसऱ्याला घाडी आजारी पडला, आप्पांनी नारळ उचलला, तो पुन्हा खाली ठेवला नाही. शेठने नवी मोटार घेतली, आप्पा हजर. कुणाची दहावी, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या मुलाचं परदेशी जाणं, आप्पांना बोलावणं गेलंच पाहिजे. नाही गेलं तर न बोलावता येत.

आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट बसली तो दिवस मला लख्ख आठवतो. आप्पा लिफ्टच्या दारात उभे, हातात शेंडीचा नारळ.

“बा देवा म्हाराजा! आज तुझ्या किरपेन ह्या बिल्डिंगीत लिफ्ट इली हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ती मधीच खय अडकान ऱ्हव नको, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“शहाभायंचो गुडघो जिने चढान चढान झिजलो, तेका आता इसावो गावंदे, म्हाराजा!”

शहाभाई म्हणजे आमचे सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावरचे. तेही हात जोडून “हाँ महाराजा!” म्हणाले. मग आप्पांनी आवाज आणखी चढवला.

“आणि जो कोण चौथ्या माळ्यावरसून कचऱ्याची पिशयी खाली सोडता, तेका ती लिफ्टीतसून हाडूची बुद्धी दी रे म्हाराजा!”

चौथ्या मजल्यावरचे ते गृहस्थ गर्दीत उभे होते. त्यांनाही ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं लागलं. त्यानंतर खिडकीतून पिशवी आली नाही. सोसायटीच्या नोटिसांनी जे कधी जमलं नव्हतं, ते आप्पांनी देवाच्या नावावर एका वाक्यात उरकलं. त्यांची गाऱ्हाणी ठरलेली नसतच. तोंडाला येईल ते बोलायचे, मध्येच कुणाची टोपी उडवायचे. लोक हसायचे आणि हसता हसता हुंकार द्यायचे. गाऱ्हाण्यात आप्पा काहीही बोलू शकतात, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आप्पांचा एक नियम होता. ते स्वतःसाठी काही मागत नसत. गाऱ्हाण्यात ‘माका’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. ‘ह्याका दी, तेका दी, सगळ्यांका दी’, पण ‘माका दी’ नाही. मला ती त्यांची एक ऐट वाटायची. तिची खरी किंमत कळली ती मंदाकाकींकडून.

मंदाकाकी म्हणजे त्यांची बायको. नवरा जितका गडगडाटी, तितकी ही बाई गप्प. गाऱ्हाणं चालू असताना त्या सगळ्यांच्या मागे, दाराला टेकून उभ्या असत. ओठ हलताना दिसत, आवाज ऐकू येत नसे. त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा दुपारी आम्ही दोघी वालाचे दाणे सोलत बसलो होतो, तेव्हा त्या खाली मान घालून म्हणाल्या, “अख्ख्या मुलुंडाक ह्येंच्या नारळान पोरा झाली गो. मी एकदाच म्हटलंय, आपल्यासाठी एक वाक्य घाला. तर म्हणतत कसे, सोतासाठी मागला की ती भीक होता, गाऱ्हाणा ऱ्हवणा नाय. दुसरो कोण घालीत तर घालूंदे.”

“मग दुसऱ्या कुणी का नाही घातलं?” मी विचारलं.

“हय दुसऱ्या कोणाक येता?” काकी म्हणाल्या आणि सालं गोळा करायला उठल्या. मला आप्पांचा भयंकर राग आला होता. मी गणित शिकवणारी बाई, देवाधर्माच्या फार वाटेला न जाणारी. नारळाने मुलं होत नाहीत हे मला कळतं. पण बायकोसाठी एक वाक्य बोलायला काय जातं? हे मी त्यांना तोंडावर विचारलं असतं, तर त्यांनी पुढच्या गाऱ्हाण्यात माझंच नाव घेतलं असतं.

मग तो आजार आला. आमच्या इमारतीच्या गेटला कुलूप लागलं. शहाभाई हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते. त्यांच्या मुलाने व्हिडिओ कॉल लावून दिला आणि आप्पा जिन्याच्या पायरीवर नारळ घेऊन मोबाइलसमोर उभे राहिले. आम्ही आपापल्या दारात, तोंडाला मास्क. त्या पडद्यात शहाभाईंचं नुसतं नाक आणि नळी दिसत होती. आप्पांनी मागणं मागितलं, आम्ही चारही मजल्यांवरून हुंकार दिला, आणि पलीकडून कुणीतरी पांढऱ्या पोशाखातली नर्स अस्सल मालवणीत “व्हय म्हाराजा!” म्हणाली. आप्पा रडले. शहाभाई घरी आले. मंदाकाकींचा लालबागचा भाऊ मात्र आला नाही. त्याला फोन लावेपर्यंतच तो गेला होता.

म्हणून लसीचं शिबिर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ठरलं, तेव्हा सगळ्यात पुढे आप्पा. खरं तर सुईला ते लहान मुलासारखे घाबरत. पण लोक कचरत होते, कुणी म्हणे ताप येतो, कुणी म्हणे आणखी काय काय होतं. आप्पांनी नारळ घेतला. “जेंका जेंका ही सुई लागतली, तेंच्यातल्या एकाकय काय होव नको, म्हाराजा!” आम्ही हुंकार दिला. मग ते खुर्चीत बसले, मान पार उलट्या दिशेला फिरवली, डोळे मिटले आणि पहिली सुई घेतली. त्यांच्या मागे रांग लागली. काकींनीही त्याच दिवशी घेतली.

आठ-दहा दिवसांनी आप्पांचं डोकं दुखायला लागलं. “डोक्यात कोण तरी घण मारता,” म्हणायचे. आडवं झालं की जास्त दुखायचं, म्हणून खुर्चीत बसून झोपायचे. आम्ही प्रत्येकाने एकच सांगितलं, लस घेतल्यावर दुखतंच, गोळी घ्या. इतक्या उशिरा दुखत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. नडग्यांवर लालसर-जांभळे बारीक ठिपके उठले होते, आणि एक मोठा काळानिळा डाग. “कॉटीचो कोपरो लागलो आसतलो,” आप्पा म्हणाले. काकींनी खोबरेल चोळलं. त्या ठिपक्यांत काय दडलं होतं, ते आम्हाला पुढे हॉस्पिटलात कळलं.

तरुण मुलांसाठी दुसरं शिबिर लागलं, त्या सकाळी आप्पा धुतलेला शर्ट घालून हॉलमध्ये आले. चेहरा उतरलेला. शहाभाई म्हणाले, “आप्पा, आज राहू द्या ने.” आप्पांनी हातानेच त्यांना गप्प केलं आणि नारळ उचलला. टेबलापाशी शिबिराची तरुण डॉक्टर मुलगी हातमोजे चढवत होती. काकी नेहमीसारख्या दाराशी.

“बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा लस घेवक जमली हत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंका... तेंका छत्री लागांदे, म्हाराजा!”

एकदम हशा पिकला. आप्पांनी काहीतरी नवीन काढलंय! “व्हय म्हाराजा!”

“तेंच्या वांग्याक... कुलूप... वांग्याक चावी दी रे म्हाराजा!”

हॉल दणाणला. मुलं पोट धरून हसत होती. कुणीतरी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. आप्पांचा सूर तोच होता, ठेका तोच होता, आवाज जिथे चढायचा तिथेच चढत होता. शब्द तेवढे भलतेच येत होते. आणि आवाज चढला की आमचा हुंकार आपोआप बाहेर पडत होता. इतक्या वर्षांची सवय. मग शब्दही गेले. “तरा... तरा... तरा, म्हाराजा!” व्हय म्हाराजा! “तरा... बा... तरा!” व्हय म्हाराजा! आप्पांच्या उजव्या हातातला नारळ सुटला आणि टेबलाखाली गडगडत गेला. त्यांनी रिकाम्या हाताकडे पाहिलं. तो हात आपला नाहीच, असं पाहिलं. लोक त्यालाही हसले.

मग आप्पांनी सगळा जोर एकवटला. कपाळाच्या शिरा फुगल्या. “माका...” ते म्हणाले. “माका... माका...”

“व्हय म्हाराजा!”

“गप रवा रे मेल्यांनू!”

आम्ही सगळे दाराकडे वळलो. मंदाकाकींचा चढा आवाज त्या इमारतीत कुणी कधी ऐकला नव्हता. त्या खुर्च्या ढकलत पुढे आल्या. “ते माका म्हणले! आयकलास नाय? ते माका म्हणले!” कुणालाच कळेना, त्यात ओरडण्यासारखं काय आहे. मला कळलं आणि मी उठले. पण माझ्याआधी ती डॉक्टर मुलगी उठली होती. “काका, जरा हसून दाखवा,” ती म्हणाली. आप्पा हसले. अर्धंच तोंड हसलं.

शहाभाईंच्या गाडीतून त्यांना नेलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आम्हाला बोलावून सांगितलं. आप्पांच्या मेंदूतल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या. आणि त्याच वेळी रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पार खाली गेल्या होत्या. म्हणजे एकीकडे रक्त नको तिथे गोठतंय, आणि दुसरीकडे कातडीखाली ठिपक्या-ठिपक्यांनी पाझरतंय. शरीराने लसीला उत्तर देताना आपल्याच रक्तावर हत्यार उपसलं होतं. “हे मी फक्त वाचलं होतं,” डॉक्टर म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. “फार क्वचित होतं. अशा गुठळ्या त्या आजारातही होतात, उलट आजारात जास्त होतात. पण ह्यांना बहुतेक लसीमुळे झालंय.”

प्लेटलेट कमी आहेत एवढंच ऐकून आमच्या सोसायटीने डेंग्यूचं सगळं शास्त्र बाहेर काढलं. मुलुंडमध्ये डेंग्यू कुणाला नवा? कुणी पपईच्या पानांचा रस काढून आणला, कुणी किवी आणली. ज्यांच्यासाठी आप्पांनी आयुष्यभर मागणं मागितलं होतं, ती पोरं बाह्या वर करून प्लेटलेट द्यायला हॉस्पिटलच्या दारात उभी राहिली. डॉक्टरांनी सगळ्यांना परत पाठवलं. “तुमच्या प्लेटलेट चढवल्या तर गुठळ्या वाढतील. मदत करायची असेल तर घरी जा.” एक मुलगा बाही वर केलेली तशीच ठेवून फूटपाथवर बसून राहिला. रक्त द्यायला आलो आणि तेच विष ठरलं असतं, हे त्याच्या पचनीच पडेना. माझ्याही पडलं नाही.

आप्पा वाचले. वेगळी औषधं दिली, नशीबही थोडं होतं. उजवा हात लुळा पडला. आणि वाचा गेली.

पूर्ण गेली असं म्हणता येत नव्हतं, हेच जास्त भयंकर. वॉर्डात हलवल्यावर मी भेटायला गेले. नर्सने विचारलं, “काका, पाणी हवं?” आप्पा स्पष्ट, खणखणीत बोलले, “व्हय म्हाराजा!” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आवाज आला! मी पुढे होऊन म्हटलं, “आप्पा, बरं वाटतंय ना?” “व्हय म्हाराजा!” “डोकं दुखतंय अजून?” “व्हय म्हाराजा!” नर्सने विचारलं, “तुमचं नाव काय काका?” आप्पांनी तोंड उघडलं. ओठ चाचपडले, मान हलली, आणि पुन्हा तेच बाहेर आलं. त्यांनी स्वतःचं ते उत्तर ऐकलं आणि डाव्या मुठीने पलंगाच्या दांडीवर मारायला सुरुवात केली. मी वॉर्डाबाहेर पळाले.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. बोलायचा भाग जातो, पण वर्षानुवर्षं घोटलेलं एखादं वाक्य मेंदूच्या दुसऱ्या कोपऱ्यात शिल्लक राहतं. ज्या माणसाने जन्मभर मागायचं काम केलं, त्याच्याकडे फक्त लोकांचा हुंकार उरला. हे कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर मी जुळवून आणलंय म्हणून पुस्तक मिटलं असतं.

आणि तो व्हिडिओ. कुणीतरी टाकला होताच. ‘मालवणी काकांचं धमाल गाऱ्हाणं’ असं नाव देऊन तो फिरत फिरत माझ्या शाळेतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर आला, खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं. मी लिहिलं, हे आमचे आप्पा आहेत आणि ह्यात त्यांचा मेंदू बंद पडतोय. संध्याकाळी एकाने लसच घेऊ नका म्हणून तोच व्हिडिओ परत टाकला.

सोसायटीतही तेच. निम्म्या लोकांनी दुसरा डोस घ्यायचा नाही असं ठरवलं. मंदाकाकींची वेळ आली, तेव्हा त्या डॉक्टरांना विचारून, त्यांनी सुचवलेली लस घेऊन आल्या. जिन्यात बायकांनी त्यांना घेरलं. “काकी, एवढं होऊनसुद्धा?” काकी भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, “लशीन माज्या घोवाची वाचा न्हेली. आजारान माजो भाव न्हेलो. मी दोघांकय वळखतंय.” आणि दार लावून घेतलं.

पुढे काकींनी त्या दोन शब्दांतच संसार चालवला. छोटा, तोडून टाकलेला ‘व्हय म्हाराजा’ म्हणजे हो. लांबवलेला म्हणजे नको. खाली उतरत जाणारा म्हणजे दुखतंय. पुन्हा बोलायला शिकवायला एक बाई यायच्या, चित्रांचे पत्ते दाखवायच्या. कप, छत्री, कुलूप. छत्रीचं चित्र निघालं की आप्पा ते उलटं करून ठेवत. त्यांना सगळं कळत होतं. त्या दिवशी आपण काय बोललो, तेसुद्धा.

आम्ही मुलुंड सोडलं, त्या सकाळचं हे. सामानाचा टेम्पो भरून झाला होता, ड्रायव्हरने इंजिन चालू केलं होतं. शहाभाई आणि दोन-चार शेजारी गेटपाशी निरोपाला उभे. इतक्यात आप्पा काकींच्या खांद्याचा आधार घेत पाय ओढत आले आणि टेम्पोच्या पुढ्यात उभे राहिले. डाव्या हातात नारळ. नव्या घरी जाणाऱ्या माणसाला त्यांनी कधी गाऱ्हाण्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी नारळ वर धरला, तोंड उघडलं. काही येईना. आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघत होतो. कुणाला येतं गाऱ्हाणं?

काकींनी त्यांच्या हातातून नारळ घेतला. दोन्ही हातांत धरला.

“बा देवा म्हाराजा,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक, पण आप्पांचाच ठेका. इतकी वर्षं दाराला टेकून त्यांनी सगळं पाठ केलं होतं. “ही आमची बाय आज नव्या घराक चल्ली हा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” आम्ही म्हणालो.

“तिच्या घरात सगळी सुखान नांदांदे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

मला वाटलं, संपलं. पण काकींनी नारळ खाली घेतला नाही. त्या आप्पांकडे वळल्या.

“ह्या माणसान आयुष्यभर सगळ्यांसाठी मागल्यान, म्हाराजा. सोतासाठी कधी मागूक नाय. सोताचा आपण मागूचा नसता, ह्या ह्येंनीच माका शिकवलानी. म्हणान आज मी मागतंय. तेंका तेंचे शब्द परत दी रे म्हाराजा!”

आता हुंकार द्यायचा होता. शहाभाईंनी चेहरा रुमालात लपवला होता. कुणाचाच आवाज फुटेना. टेम्पोचं इंजिन तेवढं धडधडत होतं. आप्पांनी आमच्याकडे एकेकाकडे डोळे वटारून पाहिलं, पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहिलं होतं अगदी तसं. मग त्यांनी मान वर केली आणि आपल्या जुन्या, चौथ्या मजल्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात एकट्यानेच हुंकार दिला.

“व्हय म्हाराजा!”

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.